जयंतीच्या आदल्या दिवशी वस्तीत 18 तास अभ्यास कसा बसवायचा

जय भीम. मार्च लागला की बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीसाठी मंडळाच्या मीटिंगा सुरू होतात, पावती पुस्तकं छापून येतात, मिरवणुकीचा मार्ग, कमानी, लायटिंग, अन्नदान सगळ्यावर तासन्तास चर्चा होते आणि मग कुणीतरी म्हणतं की यंदा पोरांच्या अभ्यासाचं पण काहीतरी करूया, सगळे हो हो म्हणतात आणि ते तिथंच राहतं. इच्छा नसते असं नाही, नेमकं करायचं काय तेच माहीत नसतं. आमच्या वस्तीत आम्ही काही वर्षं हे करतोय, बऱ्याच गोष्टी चुकून शिकलो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. कुणाला यंदा करायचं असेल तर आत्तापासून लागा.

18 तास अभ्यास हा प्रकार महाराष्ट्रात नवा नाही. बाबासाहेब दिवसाचे अठरा अठरा तास वाचत बसायचे म्हणून जयंतीच्या निमित्ताने कॉलेजात, होस्टेलमधे, विद्यापीठाच्या लायब्ररीत पोरं सलग 18 तास बसतात. पण माझं म्हणणं असं की याची खरी गरज वस्तीत आहे. लायब्ररीत बसणाऱ्याला बसायला जागा आहेच की. आमच्याकडे एका खोलीत 6 माणसं, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, पाहुणे, आणि त्यात पोरीने दहावीचं गणित सोडवायचं. बाबासाहेबांचंही असंच होतं. परळच्या चाळीत एकच खोली, तिथंच चूल, तिथंच झोपणं आणि तिथंच अभ्यास. वडील रामजीबाबा भिवाला, म्हणजे लहानपणच्या बाबासाहेबांना, लवकर झोपवायचे, स्वतः रात्री 2 वाजेपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन उसने मागायचे, तिच्याकडे नसले तर तिचा दागिना सावकाराकडे ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. मला तर वाटतं जयंती करायची म्हणजे रामजीबाबांनी जे केलं ते एक दिवस आपण सगळ्या वस्तीने मिळून करायचं. जागा द्यायची, दिवा द्यायचा, आणि पोरगं वाचत असताना कुणीतरी मोठ्याने जागं राहायचं. पुढचं जे काही आहे ते या 3 गोष्टींसाठी.

आधी तारीख. बरेच जण 14 एप्रिललाच, जयंतीच्याच दिवशी ठेवतात आणि फसतात, कारण 14 ला सकाळपासून झेंडावंदन, रॅली, नवीन कपडे, संध्याकाळी मिरवणूक, पोरं काय बसणार आणि त्यांनी का बसावं, सणच आहे तो त्यांचा. आम्ही 13 एप्रिल धरतो, सकाळी 6 ला सुरू. 6 मधे 18 मिळवा, बरोबर रात्री 12 येतात. म्हणजे पोरं पुस्तक मिटून बाहेर येतात तेव्हा 14 एप्रिल लागलेली असते आणि आख्खी वस्ती पुतळ्यापाशी जमलेली असते. हे जुळवून बघा एकदा, त्या पोरांच्या चेहऱ्यावर काय असतं ते शब्दात सांगता येत नाही. 13 ला शाळा असली, पेपर असला (एप्रिलमधे वार्षिक परीक्षा असतातच) तर पोरं शाळेत जाऊन येतात, त्यांची जागा तशीच ठेवायची. काही मंडळं 11 तारखेला, जोतीराव फुल्यांच्या जयंतीला करतात, तेही छान आहे, बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांनाच गुरू मानलं होतं.

जागा म्हणजे समाजमंदिर किंवा विहार. विहारातच करा शक्यतो, कारण ते सगळ्यांचं असतं आणि त्याची किल्ली कुणा एकाच्या घरी नसते, निदान नसावी. आठवडाभर आधी रात्री 9 वाजता जाऊन बसा तिथं आणि हातात पुस्तक घेऊन वाचून बघा. दिवसा गेलात तर कळणार नाही की कोपऱ्यात अक्षर दिसत नाही. पहिल्या वर्षी आम्ही हेच केलं नाही. मांडववाल्याचे 2 मोठे फॅन आणि हॅलोजन त्याच बोर्डावर लावले, रात्री 8 ला फ्यूज उडाला, वायरमन मिरवणुकीच्या लायटिंगवर गेलेला, तासभर अंधार. पोरं मोबाईलच्या उजेडात बसून राहिली, एकही उठलं नाही, पण मला फार लाज वाटली त्या रात्री. तेव्हापासून वायरमनला आधी बोलावून लोड बघून घेतो, ट्यूबऐवजी एलईडी पट्ट्या लावतो, वस्तीत कुणाकडे इन्व्हर्टर असेल तर तो एका दिवसासाठी मागून आणतो आणि 2 चार्जिंगचे दिवे भरून ठेवतो. एप्रिलचं ऊन आहे, पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी 1 ते 4 आत भट्टी होते, वर ओली पोती टाका, कूलर मिळाला तर उत्तम.

आता बसायचं. खुर्च्या भाड्याने आणू नका, 18 तास त्या प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ मोडते. सतरंज्या घाला आणि पुढे शाळेतले बुटके डेस्क मिळाले तर बघा. आम्ही प्रत्येकाला एक बस्कर देतो, वस्तीतल्या बायकाच जुन्या साड्यांची शिवून देतात. याचं कारण आम्ही सुरुवातीला पोरांना सांगतो. साताऱ्याच्या शाळेत भिवाला वर्गात कोपऱ्यात वेगळं गोणपाट टाकून बसायला लागायचं आणि ते गोणपाट शाळा झाडणारा नोकरही शिवायचा नाही, म्हणून रोज संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. 9-10 वर्षांचं पोर, एका हातात दप्तर एका हातात गोणपाट. हे सांगितलं की 5 वीची पोरंसुद्धा स्वतःच्या बस्करकडे बघायला लागतात. आणि मग कोण कुठं बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, ओळखीच्या शेजारी ओळखीचा असं नको, गल्लीनुसार नको, कोपरा कुणालाही येऊ दे.

पाण्याचं नीट ऐका, हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. जार मागवून टाकणं सोपं आहे पण आम्ही माठ ठेवतो, मोठे 2 माठ, हॉलच्या मधोमध, दारात नाही. ओगराळं आणि पेले बाजूला. ज्याला तहान लागेल त्याने उठायचं, स्वतःच्या हाताने काढून प्यायचं. शाळेत भिवाला नळाला हात लावायची परवानगी नव्हती, शिपाई असला तरच तो नळ सोडणार, शिपाई रजेवर असला की दिवसभर तहानलेलं राहायचं. पुढे 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता तरीही कुणी हात लावू देत नव्हतं. हे भाषणात 100 वेळा ऐकलेलं असतं, पण पोरगं माठापाशी उभं राहून पाणी पितं तेव्हा ते ऐकणं आणि मंडपात ऐकणं यात फरक पडतो. वस्तीबाहेरच्या पोरांनाही बोलवा, सगळ्या जातीधर्माच्या. आमच्याकडे शेजारच्या सोसायटीतली 4 पोरं येतात, पहिल्या वर्षी त्यांच्या घरचे बाहेर उभे होते, दुसऱ्या वर्षी आत येऊन बसले, पाणी प्यायले. माठ सकाळ-संध्याकाळ धुवून भरायचा, एवढं मात्र कुणावर तरी नाव घेऊन सोपवा नाहीतर सगळे म्हणतात दुसऱ्याने भरला असेल.

नावनोंदणीला गूगल फॉर्म नको, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर घ्या. क्रमांक, पूर्ण नाव, इयत्ता, आज काय वाचणार, आणि सही. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमधे 1914 या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे, 7 नोव्हेंबर 1900 ची नोंद, आणि शेजारी त्यांची स्वतःची सही. आता त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि तो प्रवेशाचा दिवस म्हणून 7 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या पानाचा फोटो रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवा. पोरं सही करताना फार जपून करतात मग. ज्यांना सही येत नाही अशा आज्या अंगठा लावायला पुढे होतात, त्यांना अंगठा लावू देऊ नका, शेजारी बसून नाव गिरवून घ्या, 10 मिनिटं लागली तरी चालतील. आमच्याकडच्या एका आजीने 68 व्या वर्षी पहिल्यांदा नाव लिहिलं, वेलांटी उलटी आली, तिने खोडून परत काढली आणि मग दिवसभर तिथंच बसून राहिली.

वाचायचं काय, यावर दरवर्षी वाद होतो. काही जण म्हणतात फक्त बाबासाहेबांचंच वाचायचं. मला ते पटत नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं, जातीमुळे शिकू दिलं नाही, नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. आपण तरी पोरांना हे वाच ते वाचू नको कशाला सांगायचं. ज्याची सीईटी आहे तो फिजिक्स करेल, ज्याची एमपीएससी आहे तो पॉलिटी, कुणी स्पेलिंग पाठ करेल. पण दिवसातला दीड तास सगळ्यांनी बाबासाहेबांचं स्वतःचं लिहिलेलं वाचायचं, हा नियम ठेवा. त्यांच्याविषयी लिहिलेलं नंतर कधी वाचा. 5 वी ते 7 वीच्या पोरांना मसूर स्टेशनचा प्रसंग द्या, लहानगा भिवा आणि त्याची भावंडं वडिलांना भेटायला निघालेली, स्टेशनमास्तरला जात कळल्यावर तो मागे सरकतो, बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊन पण गाडी तुम्हीच हाका म्हणतो, आणि रात्रभर कुठं प्यायला पाणी नाही. इंग्रजीत तो सरकारने छापलेल्या समग्र वाङ्मयाच्या 12 व्या खंडात आहे, मराठीतही पुस्तिका मिळते. 8 वी ते 10 वीला मराठी भाषणं, 18 व्या खंडाचे 3 भाग त्याचेच आहेत. कॉलेजच्या पोरांना जातिव्यवस्थेचं निर्मूलन, 1936 सालचं, लाहोरच्या मंडळाने परिषदच रद्द केली म्हणून न दिलेलं भाषण, ते बाबासाहेबांनी स्वतः छापलं. अर्थशास्त्रवाल्यांना रुपयाच्या प्रश्नावरचा 1923 चा ग्रंथ दाखवा निदान, आपल्या पोरांना वकील बाबासाहेब माहीत असतात, कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्राच्या डॉक्टरेट घेतलेले बाबासाहेब माहीत नसतात. खंड सरकारी ग्रंथागारात स्वस्त मिळतात पण नेहमी शिल्लक नसतात, म्हणून जानेवारीतच बघा. आणि एक कळकळीचं सांगते, व्हॉट्सॲपवर फिरणारी वाक्यं बाबासाहेबांच्या नावाने फ्लेक्सवर छापू नका. खंडातून घ्या, खाली खंड आणि पान नंबर टाका. पोरं ते शोधून काढतात मग.

दिवस कसा जातो ते सांगते. 6 ला त्रिशरण पंचशील, मग सगळ्यांनी उभं राहून संविधानाची उद्देशिका, भाषण नाही, पाहुणा नाही, हार नाही. नेत्याला यायचं असेल तर त्यानेही येऊन रजिस्टरमधे सही करून 1 तास वाचत बसावं, आमच्याकडे एक नगरसेवक खरंच बसले होते. 50 मिनिटं वाचन, 10 मिनिटं सुट्टी, थाळी वाजवून सांगायचं. माईक अजिबात नको, वाचायला माईक कशाला. मोबाईल दारात पिशवीत, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून, आणि त्या पिशव्यांपाशी एक माणूस कायम. ज्यांचा अभ्यासच मोबाईलवर आहे त्यांना वेगळी रांग द्या, नाहीतर दिवसभर कुरबुर. 4 थी पर्यंतच्या पोरांना 18 तास बसवू नका, 2 तास पुष्कळ झाले, त्यांना चित्रं, गोष्ट, आणि घरी. मोठ्यांनाही जबरदस्ती नाही, ज्याला 5 तास जमले त्याचे 5 लिहायचे आणि त्याला कमी लेखायचं नाही. दुपारी जेवल्यावर 2 ते 3 सगळे पेंगतात, तेव्हा मोठ्याने वाचनाचा तास ठेवा, एकाने वाचायचं बाकीच्यांनी ऐकायचं. याच तासाला वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना बोलवा. जेवण हलकं, सकाळी पोहे, दुपारी वरणभात भाजी, मधे ताक, रात्री खिचडी. तेलकट दिलंत की संपलं. स्वयंपाकाला पोरांच्या आयांना लावू नका, पुरुषांनी करायचा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पहिल्या 2 वर्षी बायका चुलीपाशी आणि बाकी सगळे आत, असं झालं. आता मंडळाची पोरं कांदे चिरतात आणि त्यांच्या आया आत बसून वर्तमानपत्र वाचतात.

मुलींचं बघा. संध्याकाळी 7 वाजले की एकेक आई येते आणि पोरीला घेऊन जाते, रात्री कशाला, लोक काय म्हणतील. आणि मग 12 वाजता फोटोत फक्त पोरं. यावर एकच उपाय सापडला, आधी 10 दिवस घरोघर जाऊन आईशी बोलायचं आणि आईलाच बोलवायचं, तू पण ये, तिच्या शेजारी बस. 4 ताया कायम हजर, बाथरूमचा रस्ता उजेडाचा, 12 नंतर प्रत्येक पोरीला दारापर्यंत सोडायचं, कोण कुणाला सोडणार याची यादी भिंतीवर. 1848 ला पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, त्या सावित्रीच्या आपण लेकी म्हणवतो, मग रात्री 12 पर्यंत पोरगी वस्तीच्या विहारात वाचत बसली तर त्यात घाबरायचं काय.

दारापाशी एक टेबल कागदपत्रांचं लावा. बाबासाहेब बी.ए. झाले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना 25 रुपये स्कॉलरशिपवर, आणि 1913 ला अमेरिकेला गेले ते त्यांच्याच मदतीने, स्कॉलरशिप काय करते हे यापेक्षा कोण सांगणार. आणि आपल्या पोरांच्या स्कॉलरशिपा जातात कशाने तर उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी वेबसाइटवर, फॉर्म अर्धवट राहिला. कॉलेजात शिकणारी 2 पोरं लॅपटॉप घेऊन बसवा, प्रत्येकाचं एकेक कागद तपासायचं आणि काय नाही ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. 11 वी 12 वी सायन्सवाल्यांना जात पडताळणीचं आत्ताच सांगा, त्यासाठी अनुसूचित जातीच्या पोरांना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो, आजोबांचा शाळेचा दाखला गावाकडे असतो, तो आणायला मे महिन्याची सुट्टीच हाताशी असते. सरकारी होस्टेल मिळालं नाही तर राहण्याजेवणाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे, बार्टी या सरकारी संस्थेच्या स्पर्धा परीक्षेच्या कोचिंगच्या जाहिराती येतात, हे अर्ध्या घरांना माहीतच नाही. या टेबलाने आमच्या वस्तीत जेवढं काम केलंय तेवढं कुठल्या कमानीने केलं नाही.

खर्च फार येत नाही, मिरवणुकीच्या एका हिश्श्यात होतो. डॉल्बी बंद करा मग अभ्यास, असा वाद घालत बसू नका, दोन्ही होऊ दे, ज्याला नाचायचंय तो 14 ला नाचेल, पिढ्यान्पिढ्या मान खाली घालून चाललेली माणसं वर्षातून एक दिवस रस्त्यावर नाचतात त्यात मला काही वावगं वाटत नाही. वर्गणी मागताना मात्र वेगळी पावती करा आणि पैसे नको तर एक वही एक पेन द्या म्हणून सांगा. चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला हार-फुलांऐवजी वही-पेन अर्पण करायची पद्धत रुळत चाललीय, तीच इथं आणा. पुतळ्यापुढे वह्यांची थप्पी लागते ती 14 ला तिथंच वाटून टाका, घरी नेऊन ठेवू नका.

रात्री 10 नंतरचे 2 तास अवघड. डोळे जळतात, पाय मुंग्या मुंग्या. तेव्हा आम्ही मोठी माणसं आत जाऊन पोरांच्या मधे बसतो, काही न बोलता, हातात काहीतरी घेऊन. रिक्षावाले, सफाई कामगार, गवंडी, दिवसभर राबून आलेली माणसं, कुणी पेपर वाचतं कुणी पोराच्या पुस्तकातली चित्रं बघतं. कुणी पेंगलं तर पोरंच हलवून उठवतात. पावणेबाराला थाळी एकदा वाजवायची, पुस्तकं मिटायची, रजिस्टरमधे शेवटच्या रकान्यात किती तास झाले ते प्रत्येकाने स्वतः लिहायचं, आणि बाराला सगळ्यांनी मिळून बाहेर पुतळ्यापाशी जायचं, पुढे 18 तास बसलेली पोरं आणि त्यांच्या आया, मागे मंडळ.

15 तारखेला सतरंज्या झटकून द्या पण दिवे काढू नका. एलईडी पट्ट्या तिथंच राहू देत, डेस्क तिथंच, आणि रोज संध्याकाळी 7 ते 10 विहार उघडं ठेवायला 7 घरं ठरवा, प्रत्येक वाराला एक घर. त्या घरातल्या एका माणसाने 3 तास तिथं बसायचं, बाकी काही करायचं नाही, शिकवायचं पण नाही, नुसतं जागं राहायचं. आमची पहिली अभ्यासिका 2 महिन्यांत बंद पडली कारण सगळं एकाच कार्यकर्त्यावर होतं आणि त्याला नाइट शिफ्ट लागली. 7 घरं केल्यापासून चालू आहे. 7 नोव्हेंबरला तेच रजिस्टर परत काढा, 13 एप्रिलच्या यादीतलं कोण अजून येतंय, कोण यायचं थांबलं ते वाचा, आणि जे थांबले त्यांच्या घरी त्याच संध्याकाळी जा.